मायलेज वाढवायचंय? आधी नीट मोजा

डिस्प्लेवरच्या आकड्यावर जाऊ नका, तो बऱ्याचदा थोडा चढाच असतो. टाकी फुल करा, ट्रिपमीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पहिल्या ऑटो-कटपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा मायलेजचा आकडा चाचणीतला. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तेवढा मिळाला नाही म्हणून हिरमुसू नका.

मग हवा. दाराजवळच्या स्टिकरवर दिलेली, टायर थंड असताना, दर पंधरा दिवसांनी. नायट्रोजनच्या नादी लागायची गरज नाही.

खरी बचत उजव्या पायात. पुढचा सिग्नल लाल दिसला की ॲक्सिलरेटर तेव्हाच सोडा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. फ्युएल इंजेक्शनच्या (कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो अशा) गाडीत अशा वेळी पेट्रोलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातच राहतं. म्हणजे खंबाटकी घाट न्यूट्रलमध्ये उतरणारे पेट्रोलही जाळतात आणि ब्रेकही तापवतात. एक्सप्रेसवेवर ८० ऐवजी १०० ने गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो.

एसी? उन्हाळ्यात लावा हो, घामाघूम होऊन कसली बचत! टपावरचं कॅरिअर रिकामंच असेल तर ते काढून ठेवा.