परदेशातील अभियांत्रिकी पीएच.डी. : जागा शोधावी कशी?

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीत एम.टेक. केले असून उष्णता संक्रमण हा माझा विषय आहे. जर्मनी, नेदरलँड्स किंवा स्वीडन येथे पीएच.डी. करण्याची इच्छा आहे. अनेक प्राध्यापकांना ईमेल पाठवले, पण उत्तर येत नाही. तेथील प्रवेश नेमके कधी सुरू होतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : या तिन्ही देशांत अभियांत्रिकीच्या पीएच.डी.ला आपल्याकडच्यासारखा प्रवेशाचा ठरावीक हंगाम बहुधा नसतो. प्राध्यापकांना एखाद्या प्रकल्पासाठी निधी मिळाला की त्या कामापुरती जागा निर्माण होते, तिची जाहिरात वर्षभरात केव्हाही निघते आणि निवडलेला उमेदवार बहुतेक वेळा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी होतो. त्यामुळे सरसकट ईमेल धाडत बसण्यापेक्षा जाहिरातींवर रोज नजर ठेवणे अधिक फलदायी ठरते.

नेदरलँड्ससाठी ‘अकॅडेमिक ट्रान्सफर’, संपूर्ण युरोपसाठी ‘युरॅक्सेस’ आणि जर्मनीसाठी ‘डाड’ (जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा) यांची संकेतस्थळे पाहावीत. शिवाय आखेन, डेल्फ्ट, स्टॉकहोमचे केटीएच यांसारख्या विद्यापीठांची नोकरभरतीची पाने थेट उघडावीत. जर्मन जाहिरातीत ‘टीव्ही-एल ई-१३’ ही पगारश्रेणी आणि तिच्यापुढे १०० किंवा ७५ असे टक्के, म्हणजे पूर्णवेळ नोकरीचा किती हिस्सा, दिसतात. हाती येणारा पगार त्या टक्क्यांवर ठरतो, म्हणून तो आकडा नजरेआड करू नये. डच करार साधारणपणे चार वर्षांचा असतो व पहिले वर्ष संपण्याच्या सुमारास कामाचे मूल्यमापन होते. स्वीडनमध्येही अभ्यास चार वर्षांचाच, मात्र वीस टक्क्यांपर्यंत अध्यापन करावे लागल्यास कालावधी पाच वर्षांपर्यंत जातो.

आता अर्जाविषयी, कारण बहुतेकांचे घोडे तेथेच अडते. ‘मला संशोधनाची मनापासून आवड आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते आणि त्यातून निवड समितीला काहीच कळत नाही. समजा, जाहिरात बॅटरीच्या शीतकरणावरील आहे आणि आपण प्रबंधासाठी सूक्ष्म वाहिन्यांमधील प्रवाहाचे संगणकीय प्रतिमान ‘ओपनफोम’ या प्रवाहगणनेच्या सॉफ्टवेअरमध्ये केले आहे. मग गणनेचे जाळे (मेश) किती बारीक घेतले, निष्कर्ष कोणत्या प्रयोगाशी पडताळले, फरक किती आला आणि तो का आला, हे चार-पाच वाक्यांत लिहावे. त्यातील कोणता भाग त्यांच्या प्रकल्पाला उपयोगी पडेल, हेही सांगावे. असे पत्र एका पानात मावते, मात्र प्रत्येक जाहिरातीसाठी ते नव्याने लिहावे लागते आणि ते कष्ट घेण्याला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जाहिरातीचा संदर्भ क्रमांक व मागितलेली कागदपत्रे काटेकोरपणे द्यावीत.

युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क या पीएच.डी.साठी निधी देणाऱ्या योजनेतील जागांकडे आपण आवर्जून लक्ष द्यावे. नियुक्तीपूर्वीच्या ३६ महिन्यांत उमेदवार यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावा, अशी तेथे अट असते. जर्मनीतच नुकतेच दोन वर्षांचे एम.एस. केलेल्याला ती तेथील जागेसाठी आड येते. सांगलीहून अर्ज करणाऱ्या आपल्याला ती अनुकूल आहे.

तोवर रिकामे बसू नये. आयआयटी मुंबई किंवा पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांसारख्या संस्थांत प्रकल्पांवरील कनिष्ठ संशोधन अधिछात्राच्या जागा निघतात. केंद्र सरकारच्या निधीवरील प्रकल्पांत २०२३ पासून या पदाला दरमहा ३७,००० रुपये व घरभाडे भत्ता आहे. तेथे वर्षभर काम केल्यास शिफारसपत्र देणाऱ्या मार्गदर्शकाला आपल्या कामाविषयी नेमके काही लिहिता येते.