पडद्याचे रेकॉर्डिंग: संगणकाचा आवाज वेगळा, आपला वेगळा

आपली अडचण थोडक्यात अशी दिसते: पडद्यावर एक प्रोग्राम चालवून दाखवायचा आहे, त्यात वाजणाऱ्या ध्वनिफिती प्रेक्षकांना ऐकू यायला हव्यात आणि त्याच वेळी आपले स्पष्टीकरणही रेकॉर्ड व्हायला हवे. पहिल्या प्रयत्नात फक्त आपला आवाज आला, दुसऱ्यात फक्त संगणकाचा, आणि तिसऱ्यात दोन्ही आले खरे, पण घुमल्यासारखे. शिवाय ध्वनिफीत सुरू झाली की आपले बोलणे तिच्याखाली दबून गेले. या तिन्ही तक्रारींची कारणे निरनिराळी आहेत, त्यामुळे एखादे बटण सापडले आणि सगळे सुटले असे होणार नाही. मात्र संगणकाचा आवाज आणि माइकचा आवाज हे दोन स्वतंत्र प्रवाह आहेत आणि ते शेवटपर्यंत स्वतंत्रच ठेवायचे आहेत, एवढे धरून चालले की पुढचे प्रत्येक पाऊल आपोआप कळत जाते.

माइक हे बाहेरून आत आवाज आणणारे उपकरण आहे. संगणकावर वाजणारी ध्वनिफीत मात्र आतून बाहेर, स्पीकरकडे जात असते. रेकॉर्ड करणारा प्रोग्राम सहसा आत येणाऱ्या उपकरणांचीच यादी दाखवतो, म्हणून ‘ऑडिओ’वर खूण केली की फक्त माइक घेतला जातो. बाहेर जाणाऱ्या प्रवाहाची प्रत वाटेतच काढून घेण्याची सोय कार्यप्रणालीने (ऑपरेटिंग सिस्टिमने) द्यावी लागते आणि प्रत्येक कार्यप्रणालीने ती निराळ्या पद्धतीने दिली आहे. आपला पहिला आणि दुसरा प्रयत्न इथेच फसला: दोन्ही वेळा दोनपैकी एकच प्रवाह निवडलेला होता.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे स्पीकरचा आवाज वाढवायचा आणि माइकलाच तो ऐकू द्यायचा. कृपया हे करू नका. खोलीचा घुमारा, पंख्याची घरघर आणि स्पीकरच्या सगळ्या मर्यादा त्या आवाजाला चिकटतात. त्याहून वाईट स्थिती आपल्या तिसऱ्या प्रयत्नातली आहे. तिथे संगणकाचा आवाज थेट घेतला जात होता आणि तोच आवाज स्पीकरमधून हवेत जाऊन माइकमार्गे दुसऱ्यांदाही येत होता. ही दुसरी प्रत काही मिलिसेकंद उशिरा पोहोचते. उशीर अगदी थोडा असेल तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो आणि तो बराच वाढला की सरळ प्रतिध्वनी ऐकू येतो. एकदा दोन्ही प्रती एकमेकींत मिसळल्या की नंतर कितीही गाळण्या लावल्या तरी त्या स्वच्छ वेगळ्या होत नाहीत. यावर खरा उपाय एकच आहे: रेकॉर्डिंग करताना हेडफोन वापरावा, म्हणजे संगणकाचा आवाज हवेत जाणारच नाही.

हेडफोन वायरचा असावा हे मी मुद्दाम सांगतो. ब्लूटूथ हेडसेटचा स्वतःचा माइक चालू झाला की बहुतेक वेळा जोडणी संगीताच्या पद्धतीतून दूरध्वनीच्या पद्धतीत जाते आणि कानात येणारा आवाज एकदम अरुंद आणि मोनो (दोन्ही कानांत एकसारखा) होतो. मी एकदा जवळजवळ पाऊण तासाचे प्रात्यक्षिक असे रेकॉर्ड केले. ऐकताना आवाज बसल्यासारखा वाटत होता, पण रेकॉर्डिंगमध्ये ठीक असेल असे मानून मी पुढे गेलो. फाइल उघडली तेव्हा माझा आवाज जुन्या फोनवरून बोलल्यासारखा आला होता आणि संपूर्ण काम पुन्हा करावे लागले. ब्लूटूथच वापरायचा असेल तर त्याचा उपयोग फक्त ऐकण्यापुरता ठेवावा आणि माइक म्हणून यूएसबी माइक किंवा लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडावा.

आता कार्यप्रणालींविषयी. विंडोजमध्ये बाहेर जाणाऱ्या आवाजाची प्रत काढण्याची सोय व्हिस्टा या जुन्या आवृत्तीच्या काळापासून अंगभूत आहे, म्हणून तिथे वेगळे काही बसवावे लागत नाही. जुन्या लेखांत ‘स्टीरिओ मिक्स’ चालू करण्याचा सल्ला आढळतो. हा पर्याय साउंड कार्डाच्या ड्रायव्हरवर (ते उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) अवलंबून असतो, अनेक यंत्रांत दिसतही नाही, आणि आता त्याची गरजही उरलेली नाही. विंडोज आणि जी या कळांनी उघडणारा गेम बार झटपट कामाला बरा आहे, परंतु तो एका प्रोग्रामची खिडकी टिपतो. डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर तो रेकॉर्ड करत नाही. आपल्या प्रात्यक्षिकात एका खिडकीतून दुसरीत जायचे असल्याने तो आपल्या कामाचा नाही.

मॅकवर गोष्ट बराच काळ अवघड होती. कमांड, शिफ्ट आणि ५ या कळांनी उघडणारी रेकॉर्डिंगची सोय २०१८ मध्ये मॅकओएस १०.१४ बरोबर आली, पण तिच्यात वर्षानुवर्षे फक्त माइक निवडता येत असे. म्हणून लोक ब्लॅकहोलसारखा आभासी ऑडिओ ड्रायव्हर बसवत आणि मॅकच्या ऑडिओ मिडी सेटअप या प्रोग्राममध्ये जाऊन स्पीकर व ब्लॅकहोल यांचे मिळून एक ‘मल्टी-आउटपुट’ उपकरण तयार करत, जेणेकरून आवाज आपल्यालाही ऐकू यावा आणि रेकॉर्डही व्हावा. ही युक्ती चालते. मात्र असे उपकरण निवडल्यावर कीबोर्डवरील आवाज कमी-जास्त करण्याच्या कळा निकामी होतात, हे आधी माहीत नसेल तर माणूस गोंधळतो. २०२२ च्या मॅकओएस १३ पासून पडद्याबरोबर आवाजही टिपण्याची सोय रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामांना कार्यप्रणालीतच मिळाली असल्याने नव्या मॅकवर ही उठाठेव करण्याचे कारण राहिलेले नाही. फक्त सिस्टिम सेटिंग्जमधील प्रायव्हसी विभागात पडदा रेकॉर्ड करण्याची आणि माइकची अशा दोन्ही परवानग्या दिलेल्या असाव्यात. माइकची परवानगी नसेल तर रेकॉर्डिंग निमूटपणे चालू राहते आणि हाती येते ती शांतता.

लिनक्सवर पल्सऑडिओ किंवा पाइपवायर या आवाज हाताळणाऱ्या प्रणालींत प्रत्येक स्पीकरच्या जोडीला एक ‘मॉनिटर’ स्रोत असतो, तो निवडला की काम झाले. लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपचा अंगभूत पडदा-रेकॉर्डर आवाज मुळीच घेत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

या सगळ्यांवर चालणारा, मोफत आणि मुक्तस्रोत असा प्रोग्राम म्हणजे ओबीएस स्टुडिओ. पहिल्यांदा उघडल्यावर तो विमानाच्या कॉकपिटसारखा वाटतो, हे मान्य. पण आपल्या कामाला त्याचे चारच कोपरे लागतात. ‘सोर्सेस’मध्ये डिस्प्ले कॅप्चर (संपूर्ण पडदा टिपणारा स्रोत) जोडावा. सेटिंग्जच्या ऑडिओ विभागात डेस्कटॉप ऑडिओ आणि माइक या दोन ठिकाणी ‘डिफॉल्ट’ न ठेवता उपकरणाचे नाव स्वतः निवडावे. याचे कारण असे की, विंडोज सामान्य आवाजासाठी एक आणि संभाषणासाठी दुसरे उपकरण मानू शकते. मग व्हिडिओ कॉलमधील लोकांचा आवाज हेडसेटमध्ये वाजतो, ओबीएस मात्र स्पीकरकडे कान लावून बसतो आणि समोरच्याचे एक अक्षरही रेकॉर्ड होत नाही. दोन्ही उपकरणे निवडून झाली की खाली ऑडिओ मिक्सरमध्ये दोन पट्ट्या दिसतील. एखादी ध्वनिफीत वाजवावी: डेस्कटॉपची पट्टी हलली पाहिजे आणि माइकची स्थिर राहिली पाहिजे. नंतर ध्वनिफीत थांबवून बोलून पाहावे: आता फक्त माइकची पट्टी हलली पाहिजे. ध्वनिफीत वाजताना माइकची पट्टीही तिच्या तालावर हलत असेल तर हेडफोनमधून आवाज गळतो आहे किंवा स्पीकर अजून चालू आहे. दहा सेकंदांच्या या तपासणीत निम्म्या तक्रारींचे निदान होते.

विंडोजवर ओबीएसच्या २८व्या आवृत्तीपासून एकाच प्रोग्रामचा आवाज घेण्याचीही सोय आहे. मध्येच येणाऱ्या संदेशांचे ‘टिंग’ रेकॉर्डिंगमध्ये नको असतील तर ती फार उपयोगी पडते. पण ती वापरताना सेटिंग्जमधला डेस्कटॉप ऑडिओ बंद करावा लागतो, नाहीतर तोच आवाज दोन वाटांनी येतो आणि आपण पुन्हा घुमाऱ्यापाशी येऊन पोहोचतो.

आता ज्या भागासाठी मी हे एवढे लांबवले त्याकडे येतो, तो म्हणजे ट्रॅक. ओबीएस एका फाइलमध्ये आवाजाचे सहा ट्रॅक, म्हणजे सहा स्वतंत्र पट्टे, ठेवू शकतो. सेटिंग्जच्या आउटपुट विभागात ‘ॲडव्हान्स्ड’ निवडून रेकॉर्डिंगच्या पानावर ट्रॅक १, २ आणि ३ यांवर खुणा कराव्यात. मग मिक्सरमधून ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’ उघडावे. तिथे प्रत्येक स्रोतापुढे सहाही चौकोनांत आधीच खुणा केलेल्या असतात आणि बहुतेक जण इथेच चुकतात: त्या काढल्या नाहीत तर तिन्ही ट्रॅकवर तेच मिश्रण जाते आणि वेगळे ट्रॅक घेतल्याचा काहीच उपयोग राहत नाही. डेस्कटॉप ऑडिओसाठी १ आणि २, माइकसाठी १ आणि ३ एवढ्याच खुणा ठेवाव्यात. आता पहिल्या ट्रॅकवर दोन्हींचे मिश्रण, दुसऱ्यावर निव्वळ संगणक आणि तिसऱ्यावर निव्वळ आपण. ध्वनिफितीखाली बोलणे दबले तर संपादनात दुसरा ट्रॅक तेवढ्यापुरता उतरवायचा. बोलताना खोकला आला तर तिसऱ्यातून तो कापायचा, ध्वनिफितीला धक्काही लागत नाही. जागेची काळजी नको. सेकंदाला १६० किलोबिटने एका ट्रॅकचे तासाला साधारण ७२ एमबी होतात, आणि सेकंदाला ६,००० किलोबिटने घेतलेल्या चित्राचे तासाला २.७ जीबी, दोन जास्तीचे ट्रॅक या हिशोबात दिसतही नाहीत.

संपादन करायचेच नसेल, तर बोलणे दबण्यावर रेकॉर्डिंग चालू असतानाच तोडगा काढता येतो. डेस्कटॉप ऑडिओला ‘कॉम्प्रेसर’ फिल्टर लावून त्याच्या साइडचेन स्रोतात माइक निवडला की, आपण बोलू लागताच संगणकाचा आवाज आपोआप खाली जातो आणि थांबलो की वर येतो. मला स्वतःला हा उपाय तितकासा आवडत नाही, कारण प्रत्येक वाक्यागणिक आवाज खाली-वर झाल्याने ऐकणारा दमतो. पण फाइल तशीच द्यायची असेल तर तो कामी येतो.

आवाजाची पातळी ठरवताना मिक्सरच्या रंगांवर भिस्त ठेवावी. उणे २० डेसिबलपर्यंत हिरवा, तिथून उणे ९ पर्यंत पिवळा आणि त्यापुढे लाल. बोलण्याचे उंचवटे पिवळ्यात असावेत, संगणकाचा आवाज त्याखाली हिरव्यात. शून्याला टेकलेला आवाज कापला जातो आणि तो नंतर परत मिळत नाही. याउलट थोडा हळू घेतलेला आवाज केव्हाही वाढवता येतो. माइकचा आवाज एकाच कानात येत असेल तर त्याच ॲडव्हान्स्ड खिडकीत ‘मोनो’वर खूण करावी. तिथेच ‘मॉनिटरिंग’ नावाची निवड आहे. ती बंदच ठेवावी, कारण ती डेस्कटॉपच्या प्रवाहात आपला आवाज पुन्हा सोडू शकते.

ओठ आणि शब्द जुळत नाहीत अशी तक्रार पडद्याच्या रेकॉर्डिंगमध्ये वेगळ्या रूपात येते: पडद्यावर मेनू उघडतो, पण माउसची टिकटिक आधी किंवा नंतर ऐकू येते. हे मोजण्यासाठी माउस माइकजवळ आणून तीन-चार वेळा मेनू उघडावा, आणि फाइल संपादकात एक-एक फ्रेम पुढे नेत टिकटिक व मेनू यांतील अंतर पाहावे. सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद. आवाज दोन फ्रेम आधी येत असेल तर माइकच्या ‘सिंक ऑफसेट’मध्ये ६६ लिहावे, तिथला धन आकडा आवाजाला उशीर करतो. अंतर सुरुवातीला नसून शेवटाकडे वाढत जात असेल तर दोष निराळा आहे. प्रत्येक ऑडिओ उपकरणाचे घड्याळ किंचित वेगळे चालते. दर दहा लाखांत ५० इतका फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंद, म्हणजे पाच फ्रेमहून जास्त अंतर पडते. विंडोजमध्ये दोन्ही उपकरणांचा नमुनादर (सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) आणि ओबीएसचा नमुनादर ४८ किलोहर्ट्झ असा एकच ठेवावा, आणि लांबलचक प्रात्यक्षिक सलग न घेता तुकड्यांत घ्यावे. तुकड्यांत घेतल्यावर चुकलेला भाग पुन्हा करणेही सोपे जाते.

काही सशुल्क चित्रपट-सेवांचा व्हिडिओ टिपायला गेल्यास चित्र काळे येते. तो दोष आपल्या मांडणीचा नसून त्या सेवांनी केलेल्या संरक्षणाचा आहे. व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर समोरच्यांची संमती आधी घ्यावी.

फाइल एमकेव्ही स्वरूपात घ्यावी. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा संगणक अडकला तर ती फाइल उघडत नाही. एमकेव्हीत तोपर्यंतचे सगळे शाबूत राहते. नंतर ओबीएसच्या फाइल मेनूतील ‘रीमक्स’ने तिचे काही सेकंदांत एमपी४ होते आणि गुणवत्तेत तिळमात्र फरक पडत नाही. ती फाइल व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडल्यावर पहिलाच ट्रॅक वाजेल. माइक स्वतंत्र आला की नाही हे पाहायचे असेल तर ऑडिओ मेनूतून तिसरा ट्रॅक निवडून ऐकावा. संपादकात आणल्यावर मात्र तिन्ही ट्रॅक एकाखाली एक दिसतील, त्यांपैकी पहिला बंद करावा आणि दुसरा व तिसरा घेऊन काम करावे.