वांशिक धून की बाज?

प्रश्न असा आहे: सिनेमात पठाण, गोवेकर किंवा चिनी माणूस पडद्यावर येतो न येतो तोच पार्श्वसंगीत त्याचं कूळ सांगून मोकळं होतं. अशा सुरावटीला 'वांशिक धून' म्हणावं का?

म्हणू नये, असं मला वाटतं. 'वंश' म्हटलं की रक्त आलं, वंशावळ आली. गोवेकर हा काही वंश नव्हे. शिवाय ती धून त्या समाजाची असतेच असंही नाही. अरब दाखवायला हॉलिवूडने वर्षानुवर्षं वापरलेली सुरांची ठरावीक उडी आठवा. आपल्या कानाला ती कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर जाणारी, भैरव या पहाटेच्या रागातली जागा. तिकडच्या प्रेक्षकाला त्यात वाळवंट दिसतं, पुण्यातल्या रागदारी ऐकणाऱ्याला पहाट. चिनी पात्रामागचे पाच सूरही पुष्कळदा आपल्या भूप रागाचे शेजारी निघतात. खूण पटते ती सवयीने.

आपल्याकडे यासाठी शब्द आहेच: बाज. पठाणी बाज म्हटलं की रबाब, गोवन बाज म्हटलं की अ‍ॅकॉर्डियन. बाज रक्तात नसतो, तो धरता-सोडता येतो. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाची बांधणी करणाऱ्यांत सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस असे गोवेकर होते. त्यांनी नाना प्रांतांच्या गाण्यांना सूर पुरवले. पडद्यावरच्या गोवेकराच्या वाट्याला मात्र अ‍ॅकॉर्डियन आणि बाटली! मराठी माणसाची गत वेगळी नाही. सदाशिव पेठेतला पेन्शनर दूध आणायला जिना उतरला तरी मागे ढोलकी वाजायची.

'लाइटमोटिफ', म्हणजे एखाद्या पात्राशी जोडलेली, पुन्हा पुन्हा येणारी सुरावट, हे वेगळं प्रकरण. हा जर्मन शब्द, संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांमुळे रूढ झालेला. त्यातल्या 'लाइट'चा उजेडाशी संबंध नाही, 'वाट दाखवणारा' असा अर्थ आहे. 'शोले'मधलं (१९७५) जयचं माऊथ ऑर्गन घ्या. ते त्या एकट्याचं आहे. त्यावरून त्याचा प्रांत कळत नाही, जातही नाही. याला मी 'ओळखधून' म्हणेन. ओळखधून माणसाची, बाज जमातीचा. दोन्ही एकत्रही येतात: 'खानाच्या ओळखधुनेला पठाणी बाज दिला आहे.'

सामान्यरूप मात्र 'धुनेला' असंच करा. 'धुनीला' म्हणालात तर गोसावी चिमटा घेऊन हजर होईल.