रागवायचं कोणावर?

कॅनडातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. माहेर आपल्या वसईतल्या नंदाखालचं, सासर पापडीचं. मिस्टर टोरांटोजवळच्या एका कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, पगारी यूथ मिनिस्टर आहेत, युवकांचं काम बघतात. दृढीकरण (कन्फर्मेशन) या संस्काराचे वर्ग, शुक्रवारची युवासभा, प्रार्थनेची रिट्रीट, उन्हाळी शिबिरं हे सगळं त्यांच्याकडे असतं. घरी 9 आणि 6 वर्षांची दोन मुलं. शनिवार-रविवार ताई एकट्याच सांभाळतात. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, "त्यांच्यावर रागावले की देवावरच रागावल्यासारखं वाटतं. मग मी गप्प बसते."

ताई, बाकीच्या पत्राचं उत्तर नंतर देतो, आधी या वाक्याचं. नवरा कंपनीत रात्री दहापर्यंत बसला तर बायको कंपनीच्या नावाने बोटं मोडते आणि मोकळी होते. देवाच्या कामाच्या नावाने बोटं कशी मोडणार? म्हणून तुमचा राग आत साचत राहिला. पण तुमची तक्रार देवाशी नाहीच. ती आठवड्याच्या वेळापत्रकाशी आहे, आणि ते वेळापत्रक पॅरिशच्या ऑफिसात बसून माणसांनी केलेलं आहे. त्याबद्दल बोललं तर पाप लागत नाही.

या गोंधळाचं मूळ आपल्या वसईत आहे असं मला वाटतं. इथे युवकांचं काम संसारी माणसं पगाराशिवाय करतात, चर्चगेटहून लोकलने घरी आल्यावर, जमेल तेवढं. पूर्णवेळ वाहून घेतात ते फादर आणि सिस्टर. त्यामुळे पूर्णवेळ सेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फादरच येतात, ज्यांची जेवणासाठी वाट बघणारं लेकरू घरी नसतं. तुमचे मिस्टर फादर नाहीत. विवाह हा चर्चच्या सात पवित्र संस्कारांपैकी एक आहे आणि तुमचा तो वेदीसमोर झाला. नोकरीच्या करारावर सही ऑफिसात झाली. यातलं आधीचं आणि मोठं वचन कोणतं, ते त्यांनाही ठाऊक आहे. फक्त कामाच्या रेट्यात आठवत नाही.

मी हे अनुभवाने लिहितोय. परदेशात 11 वर्षं मी हीच नोकरी केली. एका शिबिरात चाळीस मुलांना कुटुंबाविषयी शिकवत होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरातली चर्च म्हटलं आहे, ते समजावून सांगत होतो. त्या रात्री माझी मुलगी तापाने फणफणली होती आणि माझी बायको तिला घेऊन एकटी हॉस्पिटलात बसली होती. मुलगी सोळा वर्षांची झाल्यावर तिने चर्चमध्ये मिस्साला येणं बंद केलं. का विचारलं तर म्हणाली, "डॅडी, ते तुमचं ऑफिस आहे." ती परत येऊ लागली, पण त्याला पाच वर्षं लागली. ती पाच वर्षं मला अजून टोचतात.

म्हणून तुमच्या मिस्टरांना बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा अठरावा अध्याय वाचायला सांगा, आणि सुरुवातीपासून. मोशे एकटाच सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसतो आणि सासरे इथ्रो त्याला कामं वाटून द्यायला सांगतात, हे प्रवचनात पुष्कळदा ऐकलंय. त्याआधीच्या ओळींकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. इथ्रो रिकाम्या हाताने आलेले नसतात. माहेरी पाठवलेली मोशेची बायको सिप्पोरा आणि गेर्षोम, अलियेजर हे दोन मुलगे यांना ते मोशेकडे घेऊन आलेले असतात. लेक आणि नातवंडं जावयाच्या दारात पोचवायची आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं वेळापत्रक बघून त्याला खडसवायचं, हे एका सासऱ्याचंच काम. ज्यांना वाटतं की हा अध्याय व्यवस्थापनाचा आहे, त्यांनी तो पुन्हा वाचावा. मला तो संसाराचा वाटतो.

तर इथ्रोंसारखं करा. फादरांकडे दोघांनी मिळून जा. कागदावर तीन गोष्टी मागा: आठवड्यातला एक पूर्ण दिवस सुट्टी, महिन्यात एक शुक्रवार दुसऱ्या कुणाच्या हाती, आणि रिट्रीटनंतर दोन दिवस भरपाईची रजा. तोंडी कबुली घेऊ नका. माणसं भली असतात, पण फादरांची बदली होते आणि कबुली त्यांच्याबरोबर जाते. शुक्रवार सांभाळायला दृढीकरणाच्या मुलांचे आईवडील तयार करायचे. सुरुवातीला ते चुका करतील, करू द्या.

रात्री साडेअकराला मुलांचे मेसेज येतात, असंही तुम्ही लिहिलंय. अल्पवयीन मुलांशी दुसऱ्या प्रौढ व्यक्तीला माहीत नसताना खासगी मेसेज करायचे नाहीत, असा नियम आता अनेक धर्मप्रांतांत आहे. तो मुलांच्या रक्षणासाठी आहे, आणि तुमच्या मिस्टरांच्याही. त्यामुळे रात्री नऊनंतर फोन बंद ठेवणं हा कठोरपणा नव्हे. खरंच संकटात सापडलेल्या मुलासाठी पॅरिशचा एक ठरलेला नंबर हवा, आणि तो आळीपाळीने दोघा-तिघांनी उचलायचा.

आता सासूबाईंच्या फोनचं बघू. तुमचा रविवार दुपारी बाराचा फोन इथे रात्री साडेनऊला येतो, हिवाळ्यात साडेदहाला. तोवर त्या पेंगुळलेल्या असतात. शनिवारी सकाळी नऊला लावा. इथे संध्याकाळचे साडेसहा असतात, हिवाळ्यात साडेसात. त्यांच्याबरोबर मुलांना जपमाळेचं एक रहस्य, म्हणजे तिचा एक भाग, म्हणू द्या, मराठीत. उच्चार चुकले तरी आजी समजून घेतात.

स्वतःच्या श्रद्धेबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, की प्रार्थना होत नाही. लपवू नका. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक, आपल्या कोकणातल्या करजगावात जन्मलेले, त्यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला 1900 साली. मधली वर्षं लक्ष्मीबाईंनी फार सोसलं, पण त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी, नवऱ्याच्या मागून ओढत नव्हे. यूथ मिनिस्टरच्या बायकोने पहिल्या बाकावर हसतमुख बसलं पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. काही रविवार मागच्या बाकावर बसा, किंवा दुसऱ्या पॅरिशमध्ये जा, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. मुलांनाही कधीतरी न्या.

यंदा जुलैत तुम्ही वसईला येताय. जुलै म्हणजे शिबिरांचा महिना, तेव्हा रजेचा अर्ज आजच टाकायला लावा. इथे आल्यावर फादर प्रेमाने म्हणतील, "युवकांशी दोन शब्द बोला." या वेळी मिस्टरांनी नम्रपणे नाही म्हणावं. त्यापेक्षा पाऊस उघडला की मुलांना घेऊन पाचूबंदरला जावं. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि कोळी दादा जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. मुलांना बघू द्या, हवे तेवढे प्रश्न विचारू द्या. आणि डॅडींचा फोन घरी आजीजवळ ठेवून जा.