कीलेस गाडीच्या चावीचा सेल संपला तर गाडी उघडेल का, सुरू होईल का?

हो, दोन्ही होतं. फक्त चावी खिशात ठेवून होणार नाही. फॉबच्या (म्हणजे बटणांच्या रिमोट चावीच्या) कडेचा खटका सरकवून आतली धातूची चावी ओढून काढा आणि ड्रायव्हरचं दार उघडा. काही गाड्यांत चावीचं भोक हँडलवरच्या प्लास्टिकच्या टोपीखाली दडलेलं असतं. अलार्म वाजला तर वाजू द्या, गाडी सुरू झाली की थांबतो. मग ब्रेक (गिअरची गाडी असेल तर क्लच) दाबून फॉब स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा.

एरवी हँडलला हात लावला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर फॉबला हाक मारते. ती मीटर-दीड मीटरच पोचते. फॉब सेलच्या जोरावर बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर सांकेतिक उत्तर देतो. सेल गेला की उत्तर बंद. इमोबिलायझरचं (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचं) तसं नाही. त्याच्या फॉबमधल्या चिपला बटणामागच्या कॉइलमधूनच वीज मिळते, म्हणून अगदी टेकवावं लागतं. मात्र टेकवायची जागा सगळीकडे बटणच असेल असं नाही, काहींत ती कन्सोलमध्ये किंवा स्टिअरिंगखाली असते. मॅन्युअल बघा.

सेल बहुतेकदा सीआर २०३२, ३ व्होल्टचा. पुण्यात तापकीर गल्लीत (इलेक्ट्रिकल सामानाच्या बाजारात) किंवा घड्याळवाल्याकडे मिळतो. अधिकची बाजू जुन्यासारखीच ठेवा. नवा सेलही लवकर बसत असेल तर चावी पार्किंगलगतच्या भिंतीवर टांगता का ते पाहा: गाडी जवळ असली की काही फॉब सतत जागेच राहतात.