लॉ सोसायटीत नाव घातलं की नोकरी लागते का? निपाणीच्या मुलीला उत्तर

तुझा मेसेज वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना त्या कन्सल्टन्सीवाल्यावर हसूच आलं. तुझं विचारणं थोडक्यात असं: बेळगावात पाच वर्षांचं लॉ झालंय, सप्टेंबरात इंग्लंडला एक वर्षाच्या एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या मास्टर्सला, निघतेयस, आणि कन्सल्टन्सीवाल्याने सांगितलंय की विद्यापीठाच्या लॉ सोसायटीत नाव घातलं की मोठमोठ्या वकिली फर्म येऊन मुलं उचलतात. हे खरं का, तिथं नेमकं चालतं काय, आणि त्यात वेळ घालवावा का.

फर्म येतात, हे खरं. उचलत मात्र नाहीत. पिझ्झा देतात, नाव छापलेली कापडी पिशवी देतात आणि फॉर्म कधी भरायचा ते सांगतात. त्या तिन्हीतली तिसरी गोष्टच कामाची आहे.

आधी एक घोटाळा मिटवते. लंडनमध्ये सॉलिसिटर, म्हणजे पक्षकाराला सल्ला देणारे आणि त्याचे कागद बघणारे वकील, अशा लोकांची संस्था आहे, तिचंही नाव लॉ सोसायटीच. तू विचारतेयस ती वेगळी. ती मुलांनीच चालवलेली, स्टुडंट्स युनियनखालची संघटना. वर्गणी थोडक्या पौंडांची. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, मूटिंगचा, म्हणजे खोट्या खटल्यात वाद घालायच्या स्पर्धेचा एक, करिअरचा एक, पार्ट्यांचा एक, अशी कमिटी असते. आपल्या गल्लीतलं गणपती मंडळच समज. वर्गणीपुस्तकाच्या जागी स्पॉन्सर फर्म असतात एवढंच. भांडणंही तशीच होतात.

आता वेळेचं बघ, कारण एलएलएमवाल्यांचा घात इथंच होतो. तीन वर्षांचं एलएलबी करणारी इथली मुलं पहिल्या वर्षी फर्मचे ओपन डे बघतात, दुसऱ्या वर्षी व्हेकेशन स्कीमला अर्ज करतात. व्हेकेशन स्कीम म्हणजे सुट्टीत आठवडा-दोन आठवडे फर्ममध्ये बसून काम बघायचं, आणि त्यातूनच पुढे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टसाठी, म्हणजे सॉलिसिटर होण्याआधीच्या दोन वर्षांच्या उमेदवारीसाठी, माणूस निवडतात. तुझ्याकडे वर्ष एकच. सप्टेंबरच्या शेवटी उतरशील, खोलीत गादी-उशी आणेपर्यंत ऑक्टोबर उजाडेल, आणि पुष्कळ फर्मचे अर्ज तोवर सुरू झालेले असतील. काही हिवाळ्यातल्या स्कीमचे तर बंद व्हायला आलेले असतील. मी एलएलएमला आले तेव्हा माझं तेच झालं. पहिल्या करिअर फेअरला मी हसत हसत गेले, स्टॉलवरच्या बाईने विचारलं, ‘अर्ज केलास का?’ मी म्हटलं, ‘कशाचा?’

म्हणून ऑगस्टात, निपाणीत असतानाच, ज्या विद्यापीठात जाणार त्या सोसायटीचं मागच्या वर्षीचं वेळापत्रक शोध आणि पाच-सहा फर्मच्या तारखा वहीत लिहून काढ. इथं आल्यावर करू म्हणशील तर राहून जाईल.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कन्सल्टन्सीवाला सांगणार नाही. स्टुडंट व्हिसावर शिकवणी चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. एलएलएमला उन्हाळाही शिकवणीतच धरला जातो, कारण तेव्हा तुझं डिसर्टेशन चालू असतं. म्हणजे एलएलबीवाल्या मैत्रिणी जून-जुलैत पूर्णवेळ व्हेकेशन स्कीम करतील, ती तुला चालणार नाही. ख्रिसमस आणि ईस्टरच्या सुट्टीतली चालते. तेव्हा अर्ज करताना तारखा बघूनच कर. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला एकदा मेल टाकून लेखी उत्तर घेऊन ठेव.

आता सोसायटीत चालतं काय, ते सांगते. मूटिंग सगळ्यात वरचं. खोटं अपील, दोन बाजू, प्रत्येकीत दोन वकील. आधी स्केलेटन म्हणून दोन पानांचा मुद्द्यांचा कागद द्यायचा, निवाड्यांची फाईल टॅब लावून बांधायची, आणि मग उभं राहायचं. पुरावे, साक्षीदार काही नाही, नुसता कायद्याचा मुद्दा. मी बेळगावच्या शहापूरची, शाळेत असल्यापासून वक्तृत्व स्पर्धा मारलेल्या, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनात मांडवात बसून भाषणं ऐकून वाढलेली. मला वाटलं, हे तर आपलंच मैदान. पंधरा मिनिटांचं भाषण तोंडपाठ केलं.

तिसऱ्या वाक्याला न्यायाधीशाने अडवलं. बाहेरून बोलावलेला खरा बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात उभं राहून वाद घालणारा वकील होता. म्हणाला, ‘हे कुठल्या परिच्छेदात आहे?’ मी फाईल उघडली, टॅब चार की पाच आठवेना, आणि पाठ केलेलं पुढचं वाक्य तोंडात येऊन अडकलं. वक्तृत्व स्पर्धेत घंटा वाजेपर्यंत कोणी अडवत नाही. इथं अडवणं हाच खेळ. मग मी ‘आय थिंक’ म्हणून सुरू केलं, तर म्हणाला, ‘तुम्हाला काय वाटतं ते कोर्टाला नको, तुमचं म्हणणं काय ते सांगा.’ इथं ‘आय सबमिट’ म्हणतात. हरलो. पण त्यानंतर मी पाठांतर सोडलं. एका कागदावर चार ओळी, आणि बाकी वेळ फाईल उलटायची सवय. आजही मीटिंगला जाताना तेच करते.

आपल्याकडेही मूट होतात, तूही केली असशील. तेव्हा शून्यापासून सुरुवात आहे असं समजू नकोस. बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजात शिकलेले के. के. वेणुगोपाल पुढे २०१७ ते २०२२ देशाचे अ‍ॅटर्नी जनरल होते. जेसपसारखी आंतरराष्ट्रीय मूट १९६०पासून चालू आहे आणि तिला भारतातले संघही जातात. एलएलएमच्या एका वर्षात त्या संघात घुसणं अवघड. अंतर्गत स्पर्धा मात्र सोडू नकोस.

पण मला विचारशील तर मूटपेक्षा क्लायंट इंटरव्ह्यूइंग ही स्पर्धा आपल्या माणसाची. तिला प्रेक्षक कमी आणि मान कमी, म्हणून मुलं जात नाहीत. एक माणूस पक्षकार होऊन समोर बसतो, त्याला गोष्ट नीट सांगता येत नाही, मधेच रडतो, मधेच खोटं बोलतो. तू आणि तुझी जोडीदार त्याच्याकडून खरी अडचण काढायची.

आठव जरा. आजीचा उतारा आणायला तहसीलदार कचेरीत कोण जायचं? कागद कन्नडात, आजी मराठीत, काउंटरवरचा माणूस घाईत. आजी म्हणायची, ‘त्याला सांग, तुझ्या आजोबांनी बांध घातला त्या साली पाऊस नव्हता.’ साहेबाला हवा असायचा सर्व्हे नंबर आणि फेरफाराचा नंबर. दहा वर्षांची असल्यापासून मी आजीच्या दुःखातून नंबर काढून द्यायचे आणि साहेबाच्या उत्तरातून आजीला झेपेल एवढंच सांगायचे. सीमाभागातल्या बहुतेक घरांत एक पोर हे काम करतं. मला ते लाजिरवाणं वाटायचं. सुट्टी असून खेळायला मिळायचं नाही. स्पर्धेच्या त्या खोलीत समोरची बाई घराच्या भाड्याबद्दल बोलता बोलता नवऱ्याबद्दल बोलायला लागली, तेव्हा माझ्या जोडीदारणीने तिला विषयावर आणायला तोंड उघडलं. मी जोडीदारणीच्या हातावर हात ठेवला आणि गप्प बसले. बाईने पुढच्या दोन मिनिटांत सांगितलं की भाडेकराराचा कागद नवऱ्याच्या नावावर आहे. अख्खी केस तिथं होती. आम्ही अंतिम फेरीत गेलो.

त्यानंतर प्रत्येक अर्जात मी तहसीलदार कचेरीचा तो किस्सा लिहिला. ‘तुम्ही अवघड पक्षकार कसा हाताळला’ हा प्रश्न इथले सगळे विचारतात. तीन भाषा येतात एवढंच लिहून थांबू नकोस, त्या भाषांनी काय काम केलं ते लिही.

प्रो-बोनो क्लिनिकमध्ये, म्हणजे फुकट कायदेशीर सल्ला देतात तिथं, जमेल तेवढं बस. काही ठिकाणी ते सोसायटी चालवते, काही ठिकाणी कॉलेज. सॉलिसिटरने सही करून दिली तर क्लिनिकमधलं कामही सॉलिसिटर होण्यासाठी लागणाऱ्या दोन वर्षांच्या अनुभवात धरता येतं. २०२१पासून इथं एसक्यूई नावाची परीक्षा आहे, दोन टप्प्यांची. पहिल्यात १८० प्रश्नांचे दोन पेपर, दुसऱ्यात लेखी आणि तोंडी कामं. दोन्हीची फी मिळून साडेचार हजार पौंडांच्या वर जाते. एलएलएम झालं म्हणून ही परीक्षा चुकत नाही. पण तू भारतात सनद घेतलेली वकील असशील, तर ती दोन वर्षांच्या अनुभवाची अट तुला लागत नाही. म्हणून सनद घेऊन आणि बार कौन्सिलची परीक्षा देऊन ये. मी घाईत तशीच आले, आणि ती दोन वर्षं भरून काढायला मला किती दारं ठोठवावी लागली ते फोनवर सांगेन.

बॅरिस्टरीचं थोडक्यात. बाबासाहेब लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले, आणि बेळगावात नाथ पै सर्कलवरून जाता-येता आपण बॅरिस्टर हा शब्द ऐकत आलो, त्यामुळे तो मोह असतोच. आता बार कोर्स करून ती पदवी मिळते, पण वर्षभराची प्युपिलेज, म्हणजे बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, मिळाल्याशिवाय वकिली करता येत नाही, आणि प्युपिलेजच्या जागा फार थोड्या. एक मिनी-प्युपिलेज करून बघ, चार दिवस बॅरिस्टरच्या मागे फिर. कर्ज काढून बार कोर्सला मात्र बसू नकोस.

नेटवर्किंगच्या संध्याकाळी जा, पण सगळ्यांना नको. तिथं प्लेट आणि ग्लास दोन्ही घेतलेस की हात मिळवायला हात उरत नाही. मी ग्लास सोडला. आणि लक्षात ठेव, ज्या फर्म सोसायटीला पैसे देतात त्याच तिथं दिसतात. इमिग्रेशन, कौटुंबिक, घरभाड्याची, लीगल एडची कामं करणाऱ्या लहान फर्मकडे स्टॉलला पैसे नसतात. पहिले चार महिने मला वाटत होतं की इंग्लंडात कंपन्यांच्या खरेदी-विक्रीखेरीज कायदाच नाही. आज मी ज्या फर्ममध्ये आहे तिचं नाव कुठल्याही फेअरला दिसलं नव्हतं. क्लिनिकवर देखरेख करणाऱ्या सॉलिसिटर बाईने पत्ता दिला.

कमिटीची निवडणूक वसंतात होते, तोवर तुझं वर्ष निम्मं संपलेलं. पण ऑक्टोबरात काही ठिकाणी पोस्टग्रॅज्युएट प्रतिनिधीची जागा भरतात. कोणी उभंच राहत नाही. तू राहा. त्या जागेमुळे वक्त्यांना मेल तू पाठवतेस, स्टेशनवर आणायला तू जातेस, आणि टॅक्सीतल्या वीस मिनिटांत जे बोलणं होतं ते पन्नास जणांच्या रांगेत होत नाही.

शेवटी हिशेब. अभ्यास संपल्यावरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच. आणि मोठ्या फर्म ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टसाठी दोन-दोन वर्षं आधी माणूस ठरवतात. ही दोन वाक्यं घरी बाबांना एकत्र वाचून दाखव, कर्जाच्या कागदावर सही व्हायच्या आधी. परत यायचं ठरलं तरी वाईट नाही. पण आत्ता मनात कुठेतरी ठरव, कारण परतायचं असेल तर इथं वेगळ्या गोष्टी शिकायच्या. निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, तिथं ऑगस्ट २०२५मध्ये मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंचही आलं, आणि निपाणी कर्नाटकात, म्हणून तुझं अपील मात्र कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड बेंचकडे जाणार. दोन राज्यांत जमीन आणि नातेवाईक असलेल्या पक्षकारांना दोन्हीकडचे कागद वाचणारा वकील लागतोच की.

विद्यापीठाचं नाव पक्कं झालं की कळव. त्या सोसायटीत ओळखीचं कोणी निघतं का बघते. फोन रविवारी कर, तुझ्याकडे संध्याकाळ असताना. सकाळी केलास तर मी झोपेत असेन आणि आईसारखं तूही ‘काय करूलास?’ विचारशील.