हाक मारली की उलट पळतो!

प्रश्न : आमचा आठ महिन्यांचा छोटा कुत्रा घरात एका हाकेत येतो. मैदानात मात्र ढुंकूनही बघत नाही. धरायला गेलं की आणखी लांब पळतो. काय करावं?

उत्तर : आधी त्याच्यामागे धावणं बंद करा. त्याच्या लेखी तो पकडापकडीचा खेळ असतो. तुम्ही उलट दिशेला पळा, बहुतेक कुत्री मागे येतात.

‘ये’ हा शब्द ओरडून ओरडून बोथट झाला असणार, म्हणून नवा शब्द किंवा शिट्टी घ्या. सुरुवात घरातच करा, मग अंगणात, शेवटी मैदानात. बाहेर ५ ते १० मीटरची हलकी दोरी लावा, पण गळपट्ट्याला नाही, हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला). गळ्याला झटका बसला तर लहान कुत्र्याच्या श्वासनलिकेला इजा होऊ शकते. हाक एकदाच मारा. नाही आला तर दोरी ओढू नका. जवळ जाऊन खाऊचा वास द्या आणि दोन पावलं मागे सरका.

तो येताना वाकून हात पुढे करू नका. एवढ्याशा जिवाला ते अंगावर आल्यासारखं वाटतं आणि तो हातभर अंतरावरच थबकतो. कडेला तोंड करून उकिडवे बसा, हार्नेसला हात लावा, मग पायाशी उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा द्या. आणि लगेच पुन्हा खेळायला सोडा! दर वेळी हाकेनंतर घरीच नेलंत, तर तो येईल कशाला? उशिरा आला तरी रागावायचं नाही.